माया किती सोडली? लग्नाच्या कपड्यांच्या अल्टरेशनचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून दोघा-तिघांनी आम्हाला दारातच अडवलं. "सर, लग्नाचे कपडे अल्टर करायला किती पैसे पडतात, हा तत्त्वज्ञानाचा विषय कधीपासून झाला?" प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर कांट आणि शंकराचार्य शिकवले. सुईत दोरा ओवायचा झाला तर चष्मा लावूनही तीनदा चुकतो. पण आजचा विषय आम्ही निवडला तो एका शब्दासाठी आणि दोनशे रुपयांसाठी. शब्द आधी सांगतो, दोनशे रुपये शेवटी.

मनवेलपाड्याच्या रस्त्यानं चालताना पाट्या वाचत जा. 'फॉल-पिको करून मिळेल', 'ब्लाउज व ड्रेस शिवून मिळतील', 'अल्टर करून मिळेल'. पुष्कळ ठिकाणी दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली असते. दाराशी मशीन, भिंतीला खिळ्यांवर लटकवलेले ब्लाउज, प्रत्येकाला टाचणीनं लावलेली मापाची चिठ्ठी, आणि मशीनवर बसलेली एक बाई. या खोल्यांमधून आपल्या शेकडो मुलींची लग्नं पार पडतात, पण लग्नाच्या फोटोत ही बाई कधी दिसत नाही.

गेल्या लग्नसराईत आमच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न होतं. मुलगी रोज विरार लोकलनं नोकरीला जाणारी. खरेदीला मिळाला तो एक रविवार. त्या रविवारात तिनं शिवलेली नऊवारी घेतली आणि तिच्यावर तयार, भरतकामाचा ब्लाउज घेतला. ब्लाउजची किंमत १,८०० रुपये. घरी येऊन घालून पाहिला तर छातीत आणि मुंढ्यात घट्ट, खांद्यावर मात्र सैल. लग्नाला सहा दिवस राहिलेले. घरची मंडळी पत्रिका आणि केळवणांत गुंतलेली, त्यामुळे ब्लाउज शिवणकामवाल्या ताईंकडे नेण्याचं काम आमच्याकडे आलं. निवृत्त माणसाला अशीच कामं मिळतात.

ताईंनी ब्लाउज हातात घेतला आणि सर्वांत आधी तो उलटा केला. वरचं भरतकाम त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आतली शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "काका, आत मायाच नाही हो. वाढवू कुठून?"

तिसऱ्या दिवशी ब्लाउज तयार झाला. पैसे किती? १,२००. अठराशेच्या ब्लाउजला बाराशे! आम्ही म्हणालो, "ताई, दोन टिपांचे बाराशे होतात का? हजार करा." त्या काही बोलल्या नाहीत. हजार घेतले. व्यवहार चोख झाला असं आम्हाला वाटलं.

तर आज आपल्याला विचारायचं आहे ते एवढंच, की ते बाराशे नेमके कशाचे होते? आणि आमच्या आजीच्या लग्नात असा खर्च कोणी ऐकलाही नव्हता, तो आला कुठून?

आता तो शब्द. माया. शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. बाहेरून दिसत नाही. पण उद्या अंग भरलं तर शिवण उसवायची, आतली माया बाहेर घ्यायची आणि नवी टीप घालायची. अद्वैतात माया म्हणजे जे दिसतं पण खरं नसतं. शिंप्याची माया बरोबर उलटी, दिसत नाही पण असते. घरातल्या बोलण्यात माया म्हणजे जीव लावणं. आणि कोणी 'माया जमवली' असं म्हणतो तेव्हा माया म्हणजे पैसा. कापड, जिव्हाळा आणि पैसा, तिन्ही अर्थ आज आपल्याला लागणार आहेत. आमचं म्हणणं थोडक्यात असं, की अल्टरेशनचा खर्च ही कपड्यात न सोडलेल्या मायेची उशिरा झालेली वसुली आहे. ती माया कपड्यातून कधी, कोणी आणि का काढून घेतली, हा आजचा इतिहास.

सुरुवात न कापलेल्या कापडापासून करू. नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर कापड. तिला माप नाही. शालू असो, पैठणी असो, अष्टपुत्री असो, बत्तीस-चौतीस-छत्तीस असा आकडा तिच्यावर नसतो. आईची पैठणी मुलीला होते, मुलीची नातीला होते, आणि मधल्या काळात चुलत बहिणीच्या लग्नातही मिरवून येते. कारण ती अंगाला बसवण्याचं काम शिंप्यानं केलेलं नसतं, ते नेसताना होतं. निऱ्या दोन जास्त घ्या, दोन कमी घ्या, काष्टा खेचून घ्या. एका अर्थी अल्टरेशन रोज सकाळी होत होतं, नेसणारीच्या हातांनी, आणि लग्नाच्या दिवशी एखाद्या मावशी-आत्याच्या हातांनी. त्याची पावती कोणी फाडत नव्हतं.

चोळीला मात्र शिलाई होती. पण जुनी चोळी पुढे गाठ मारायची. गाठ म्हणजे मागेपुढे सरकणारं माप. आणि चोळीचं कापड, म्हणजे खण, दिलं जायचं ते न शिवता. बागलकोटजवळच्या गुळेदगुड्डचे खण महाराष्ट्रभर ओटीत पडत आले. आजही आपण ओटी भरतो ती नारळ आणि ब्लाउजपीसनं. शिवलेला ब्लाउज ओटीत कोणी घालत नाही. ओटीतला तो तुकडा एका घरून दुसऱ्या घरी, तिथून तिसऱ्या घरी फिरत राहतो, आणि आपण त्याच्यावर विनोद करतो. पण तो फिरू शकतो याचं कारण इतकंच, की तो अजून कोणाच्या मापाचा झालेला नाही. कातर लागली की फिरणं थांबतं.

इथं लगेच कोणी म्हणेल, जुनं ते सोनं. आम्ही तसं म्हणणार नाही. न शिवलेल्या कापडात एवढी सोय का होती याचं एक कारण अस्वस्थ करणारं आहे. वधू लहान असायची. आठ-दहा वर्षांची मुलगी बोहल्यावर उभी राहायची, आणि तिला घेतलेलं लुगडं पुढं ती मोठी झाल्यावर नेसायची. जे अंग अजून वाढायचं आहे त्याला मापाचा कपडा शिवणार कसा? बालविवाह प्रतिबंधक कायदा १९२९ साली झाला, १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, आणि त्यातही मुलीचं किमान वय ठरलं ते फक्त १४. तेव्हा त्या नऊ वारांतल्या मायेत मुलीचं गेलेलं बालपणही होतं. मापाचा ब्लाउज मागणारी आजची वधू वाढ पूर्ण झालेली, स्वतःचं अंग आणि स्वतःची आवड माहीत असलेली बाई आहे. हा बदल आम्हाला मोलाचा वाटतो. खर्च वाढला म्हणून कुरकुर करताना हे विसरू नये.

दुसरा प्रश्न शिंप्याचा. आपला शिंपी समाज नामदेवांचा वारसा सांगणारा, सुई-दोऱ्याला प्रतिष्ठा देणारा. जुन्या गावगाड्यात शिंपी अनेक ठिकाणी अलुतेदारांत मोजला जायचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांव-गाडा' लिहून ही सगळी व्यवस्था नोंदवून ठेवली. तिच्यात नेमाचं काम नगावर मोजलं जात नव्हतं. सुगीत धान्य मिळे, सणाला काही मिळे, आणि वर्षभर काम चाले. अशा घरोब्यात चोळी सैल करून देणं हे वेगळं काम नव्हतं, म्हणून त्याला वेगळा भावही नव्हता. इथं माया कापडात होती तशी नात्यातही होती. पण याही चित्राला दुसरी बाजू आहे. ज्याच्या कामाला भाव नाही त्याला 'नाही' म्हणण्याची सोयही नसते. सुगी बुडाली की त्याचा वाटा बुडाला. पाटलाच्या घरचं काम आलं की रात्र असो वा दिवस, करायचं. फुकटात होणाऱ्या कामाची किंमत कोणीतरी मोजतच असतो. ती वहीत लिहिली जात नाही, एवढंच.

मग अंगाला बसणारा ब्लाउज आला कधी? शब्दच सांगतात. आमच्या आईच्या तोंडी 'पोलकं' आणि 'झंपर' हे शब्द असायचे, आणि दोन्ही इंग्रजांच्या वाटेनं आलेले. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकलेल्या घरांतल्या बायका बाहेर पडू लागल्या, सभांना जाऊ लागल्या, आणि गाठीची चोळी मागं पडून बाह्यांचा, हुकांचा ब्लाउज पुढं आला. पारशी स्त्रियांनी यात वाट दाखवली. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६०च्या दशकात मुंबईत राहिल्या, पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत त्यांनी पाहिली, आणि बंगालमध्ये ब्लाउज-परकरासह साडी रुजवण्यात त्यांचा मोठा हात राहिला. म्हणजे आज देशभर जिला 'पारंपरिक' म्हणतात त्या पोशाखाचा एक धागा आपल्या मुंबईतून गेला आहे.

आपल्या वसईत तर आणखी एक गंमत आहे. वसईचा तह १५३४चा. तेव्हापासून चिमाजी आप्पांनी १७३९ साली किल्ला घेईपर्यंत, दोनशे वर्षं इथं पोर्तुगीज होते. धर्म बदलला, नावं बदलली, चर्चं उभी राहिली. तरी वसईच्या ख्रिस्ती घरांतल्या जुन्या बायका लुगडंच नेसत राहिल्या. पांढरा गाऊन आला तो पुष्कळ नंतर. आणि खरं सांगायचं तर तो युरोपातही फारसा जुना नाही. राणी व्हिक्टोरियानं १० फेब्रुवारी १८४० रोजी पांढऱ्या पोशाखात लग्न केलं, आणि तिथून पांढऱ्या गाऊनची चाल जगभर पसरत गेली.

या राणीची एक गोष्ट आपल्या विषयाला धरून आहे. तिच्या पोशाखावर हॉनिटनची हातानं विणलेली लेस होती. राणीनं ती लेस आयुष्यभर जपली आणि पुन्हा पुन्हा वापरली. १८८५ साली धाकटी मुलगी बिआट्रिस लग्नाला उभी राहिली तेव्हा तिला ती लेस घालायला दिली. गाऊन मापाचा असतो, एकीचा दुसरीला होत नाही. लेस न कापलेली, म्हणून ती पुढं जाते. पैठणीचा जो न्याय, तोच लंडनच्या राजवाड्यात. पुढं १३५ वर्षांनी, जुलै २०२० मध्ये, बिआट्रिस याच नावाच्या राजकन्येनं लग्नात आजीचा, म्हणजे राणी एलिझाबेथचा, जुना गाऊन घातला. नॉर्मन हार्टनेल यांनी शिवलेला. तो नातीसाठी बेतून घेताना त्याला नव्या बाह्या लावल्या, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक केलं. थोरांच्या घरी अल्टरेशन झालं की बातमी होते, आपल्या घरी झालं की कुरकुर होते.

आता मशीन. एलायस हाउ यांचं पेटंट १८४६चं, आयझॅक सिंगर यांचं १८५१चं. १८५६पासून सिंगर कंपनीनं मशीन हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली, आणि पुढं या हप्त्यांच्या पायावरच ते जगभर घराघरांत गेलं. भारतात सिंगरचा व्यापार उभा केला तो नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी. यंत्रांविरुद्ध लिहिणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली एका संवादात शिवणयंत्राला अपवाद केलं. बायको हातानं शिवताना थकते हे पाहून सिंगरनं प्रेमापोटी ते शोधलं, असं त्यांचं म्हणणं. इतिहासातला सिंगर इतका हळवा नव्हता, पक्का धंदेवाला होता. पण गांधीजींच्या मनातली कसोटी महत्त्वाची. यंत्र बाईचे कष्ट वाचवतं का?

शिवण्याचे कष्ट त्यानं वाचवलेच. पण मंडळी, मशीन टीप घालतं, टीप उसवत नाही. पावणेदोनशे वर्षं होत आली, उसवण्याचं काम अजून हातानंच होतं. एका हातात ब्लेड किंवा छोटी कातर, आणि एकेक टाका. अल्टरेशन महाग का, याचं निम्मं उत्तर इथं आहे. शिवणं हे यंत्रयुगात आलं, उसवणं हातयुगातच राहिलं.

ताईंनी त्या ब्लाउजवर काय काय केलं हे आम्ही नंतर त्यांच्याकडूनच समजून घेतलं. शिवणीजवळचे मणी आणि जरीचं काम आधी हातानं काढायचं, कारण मशीनची सुई मण्यावर आपटली तर तुटते. मग बाही मुंढ्यातून सोडवायची. मग बाजूची शिवण उसवायची, वरचं कापड आणि अस्तर वेगवेगळं करायचं. आत माया नाही म्हणून बगलेखाली नवी पट्टी जोडायची, तिचं कापड रंगाला जुळणारं हवं. खांदे आत घ्यायचे. मग अस्तर, मग वरचं कापड, मग बाही, मग हुकपट्टी, आणि शेवटी काढलेले मणी पुन्हा हातानं टाचायचे. याला सात तास लागले, घरचं सगळं आवरून रात्री आणि पहाटे मिळून. पट्टीचं कापड आणि हुक १५० रुपयांचे. बाराशेतून ते गेले की राहिले १,०५०. सातानं भागा, तासाला १५०. त्यातून दोरा, वीज, मशीनची दुरुस्ती. आम्ही हजार दिले, म्हणजे तासाला साधारण १२१ पडले. आणि आम्ही म्हटलं होतं, दोन टिपा.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग कारखान्यात आहे. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात. तिथं एका नगावर किती कापड वाचलं याला फार महत्त्व. साधं गणित करा. एका ब्लाउजमागं १० सेंटिमीटर कापड वाचलं, तर १०,००० ब्लाउजांत एक किलोमीटर कापड वाचतं. ते कुठून वाचवणार? दिसणाऱ्या भागातून वाचवता येत नाही, गिऱ्हाईक पाहतं. म्हणून आतून. आपला ओळखीचा शिंपी बाजूला इंच-दीड इंच माया सोडायचा, कारण वर्षभरानं तीच बाई पुन्हा आपल्याच दारी येणार हे त्याला माहीत होतं. कारखान्याला गिऱ्हाईक पुन्हा दिसणार नसतं. तो शिवणीपर्यंत कापड कापतो, कड ओव्हरलॉक करून टाकतो, आणि ब्लाउज स्वस्त पडतो. स्वस्त कसला? वाचवलेला खर्च त्यानं पुढं ढकललेला असतो. तो लोकलनं विरारला उतरतो आणि मनवेलपाड्याच्या एका खोलीत रात्री दिव्याखाली जाऊन बसतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं कपड्यांतली माया सरकारी हुकमानं काढली होती. १९४१ ते १९४९ तिथं कपड्यांवर रेशन होतं. चुण्या किती, बटणं किती यांवर बंधनं होती. १९४२ साली पुरुषांच्या पँटच्या पायांची दुमडसुद्धा बंद केली, कारण तेवढंच कापड वाचे. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या गाऊनलाही कूपनं लागली. लोकांनी आपली कूपनं तिला पाठवली, पण ती दुसऱ्याला देता येत नसल्यामुळे परत करावी लागली. तिथं निदान सगळ्यांना ठाऊक होतं की माया काढली आहे आणि का काढली आहे. आपल्या तयार ब्लाउजच्या चिठ्ठीवर किंमत असते, माप असतं, धुण्याची सूचना असते. आत माया किती, हे लिहिलेलं नसतं.

आता रात्रीचा मुद्दा. कार्ल मार्क्सचं 'भांडवल' १८६७ साली प्रसिद्ध झालं. मूल्य म्हणजे काय हे समजावताना त्यानं घेतलेलं प्रसिद्ध उदाहरण आहे वीस वार कापड आणि एक कोट यांचं. तो कोट मापाला चुकला तर पुढं काय, हे त्यानं तिथं विचारलं नाही. पण त्याच ग्रंथात मेरी ॲन वॉकली या वीस वर्षांच्या मुलीची हकिकत आहे. १८६३ सालच्या मार्चमध्ये इंग्लंडच्या युवराजाचं लग्न झालं. नव्या युवराज्ञीच्या सन्मानार्थ नृत्यसमारंभ ठरला, आणि त्याला येणाऱ्या बड्या घरच्या बायकांचे पोशाख वेळेत हवे होते. लंडनमधल्या एका नावाजलेल्या शिवणघरात साठेक मुली कोंदट खोल्यांत बसून काम करत होत्या. मेरी ॲननं सलग साडेसव्वीस तास काम केलं. शुक्रवारी आजारी पडली, रविवारी वारली. तेव्हाच्या वृत्तपत्रांत तिच्या मरणाचं कारण छापून आलं ते अतिश्रम.

मनवेलपाडा म्हणजे १८६३चं लंडन नव्हे. इथं मशीन ताईंचं स्वतःचं आहे, खोली त्यांची आहे, नाही म्हणण्याचा हक्क त्यांचा आहे. पण एक गोष्ट तेव्हाची आणि आताची सारखी. लग्नाची तारीख हलत नाही. हॉल ठरलेला, मुहूर्त ठरलेला, पत्रिका छापलेल्या. घाई सगळीकडून सरकत सरकत शेवटच्या माणसावर येते, आणि कपड्यांच्या बाबतीत शेवटचं माणूस म्हणजे ही शिवणारी बाई. तुळशीचं लग्न झालं की एकाच आठवड्यात दहा वधू तिच्या दारात उभ्या राहतात, आणि दहाही जणी म्हणतात, 'अर्जंट आहे हो.' जुन्या कपड्यात माया होती तशी जुन्या लग्नघरात वेळेचीही माया होती. आता तीही शिवणीपर्यंत कापली गेली आहे.

हे सगळं एकत्र पाहायचं असेल तर शिवलेली नऊवारी पाहा. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी अशा नावांनी ती मिळते. निऱ्या घातलेल्या, काष्टा शिवलेला, पायजम्यासारखी घालायची आणि हुक लावायचे. आमच्या पिढीतले लोक तिला हसतात. आम्हीही हसलो होतो. पण त्या मुलीची बाजू बघा. सकाळची लोकल पकडून रात्री घरी येणाऱ्या मुलीला नऊवारी नेसायला शिकवणार कोण, आणि कधी? नेसवणारी मावशी दुसऱ्या शहरात, आत्या गुडघ्यांनी बेजार. आईनं स्वतः सहावारीच नेसली. विरारहून मुंबईत बॅकबेपर्यंत पहिली गाडी गेली ती १८६७ साली. तेव्हापासून इथल्या माणसांचं आयुष्य हळूहळू गाडीच्या वेळेवर बेतलं गेलं, मग कपडाही तिच्या वेळेत बसणारा लागला. शिवलेली नऊवारी म्हणजे नेसण्याचं कसब आणि नेसवणारे हात टिपेत बंद करून विकणं. ती सोय आहे, आणि सोयीला किंमत आहे. सव्वाआठ मीटरची न संपणारी माया कापली जाते आणि त्या कापडाला पहिल्यांदाच माप मिळतं. माप मिळालं की ते चुकू शकतं. चुकलं की अल्टर आलं. आणि ती नऊवारी पुढं मुलीच्या मुलीला होईल का, हा प्रश्न तिच्या घडीतच शिवलेला असतो.

तेव्हा मंडळी, बाराशे रुपयांचा हिशेब असा लागतो. कारखान्यानं वाचवलेलं कापड, नात्यातून गेलेली नेसवणारी माणसं, लग्नघरातून गेलेला वेळ, आणि यंत्रानं कधीच न उचललेलं उसवण्याचं काम. या चारही गोष्टींची उणीव भरून काढायला एका बाईचे सात तास गेले. आम्हाला तिच्या दारात फक्त तिचाच भाव दिसला, कारण बाकी कोणी तिथं उभं नव्हतं.

श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी लग्न असेल तर तीन साध्या गोष्टी सांगतो. तयार कपडा घेताना आधी उलटा करून पाहा, आत निदान अर्धा-पाऊण इंच माया आहे का. नसेल तर त्याच्या किमतीत अल्टरेशनचे पैसे आताच मिळवा, आणि मग तो स्वस्त आहे का ते ठरवा. आणि शिवणाऱ्या बाईकडे कपडा घेऊन जाल तेव्हा तिला पैशाआधी वेळ द्या, निदान तीन आठवडे.

आता ते दोनशे रुपये. लग्न छान झालं. ब्लाउज असा बसला की कोणाला शंकाही आली नाही. दोन महिन्यांनी ती मुलगी माहेरी आली, आणि कपाट आवरताना तिनं ब्लाउज उलटा करून आम्हाला दाखवला. बगलेखाली जोडलेल्या पट्टीच्या आत, दोन्ही बाजूंना, ताईंनी जवळजवळ इंचभर कापड दुमडून ठेवलं होतं. आम्ही ते सांगितलं नव्हतं, आणि त्याचे पैसेही त्यांनी लावले नव्हते. मुलगी म्हणाली, "त्या मला म्हणाल्या होत्या, पुढं लागेल गं तुला."

आम्ही संध्याकाळी दोनशे रुपये घेऊन गेलो. ताई मशीनवर होत्या, समोर कोणाचा तरी परकर. आम्ही म्हणालो, "ताई, तेव्हाचे राहिले होते." त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आठवायला थोडा वेळ लागला. मग म्हणाल्या, "हां, तो मण्यांचा ब्लाउज." पैसे ड्रॉवरमध्ये ठेवले आणि परकर पुन्हा सुईखाली घेतला.

शिवणीच्या आतल्या मायेवर आम्हाला पहिला धडा मिळाला तो त्या खोलीत, निवृत्त झाल्यावर. उशिरा मिळाला, पण मिळाला.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि शिवणकाम करणाऱ्या कोणी इथं असतील तर आमचं काय चुकलं ते आधी त्यांनी सांगावं.